ठासणीची बंदूक आणि आमचं गराज

(मंडळाच्या निधिसंकलनाच्या संध्याकाळी केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडं आवरतं घेतलं आहे, बोलण्यातली वळणं मात्र तशीच ठेवली आहेत.)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्यापुढे 'ठासणीच्या बंदुकीचं लाकडी सामान' असं छापलेलं पाहून मघाशी चहाच्या रांगेत दोघातिघांनी विचारलं, "काय हो, छपाईची चूक आहे का?" नाही, चूक नाही. बाहेरच्या टेबलावर दिवाळी अंकांच्या शेजारी जे लाकडाचे तुकडे मांडले आहेत ना, भोकं पाडलेले आणि भोवऱ्यासारखे, ते मुखवास ठेवायचे डबे नाहीत आणि लहान मुलांची खेळणी तर अजिबात नाहीत. ते काय आहे, आम्ही ते का करतो, आणि त्याचा आजच्या निधीशी काय संबंध, हे सांगायला कार्यकारिणीने आम्हाला वीस मिनिटं दिली आहेत. पॉटलकमधली भजी गार व्हायच्या आत संपवतो.

आम्ही म्हणजे पाचजण. दोन सॉफ्टवेअरवाले, एक दंतवैद्य, एक निवृत्त सिव्हिल इंजिनिअर आणि हायस्कूलमध्ये केमिस्ट्री शिकवणारी एक ताई. पाचांपैकी एकाच्याही घरात बंदूक नाही. पाचांपैकी कोणी जातीचा सुतारही नाही. सुरुवात झाली ती 2012 च्या ऑक्टोबरात. सँडी वादळ आठवतंय ना? आपल्यापैकी कितीतरी जणांकडे आठवडाभर वीज नव्हती. त्या वादळात आमच्यातल्या एकाच्या परसातलं काळ्या अक्रोडाचं मोठं झाड आडवं झालं. झाड उचलून न्यायला माणूस बोलावला तर तो म्हणाला, "हे जळणाला देऊ नका, फळ्या काढून ठेवा." फळ्या काढल्या, गराजमध्ये मध्ये पट्ट्या घालून रचल्या. इंचाला एक वर्ष वाळवायचं असा इथल्या लोकांचा हिशोब. त्यामुळे गाडी दोन वर्षं बाहेर बर्फात आणि लाकूड आत, असा संसार चालला. वहिनींनी काय काय ऐकवलं ते स्मरणिकेत छापण्यासारखं नाही.

लाकूड वाळलं, पण करायचं काय? शेजारी एक आजोबा राहतात. पेनसिल्व्हेनियातल्या जुन्या जर्मन घराण्यातले. त्यांचं नाव घेत नाही, त्यांना आवडणार नाही. आमची सगळी मुलं त्यांना आजोबाच म्हणतात. ते कुंपणावरून वाकून फळ्या बघायचे आणि मान हलवायचे. एक दिवस खिशातून एक लाकडी पट्टी काढून दाखवली. हाताच्या पंजाएवढी, सहा भोकं, वरच्या टोकाला चामड्याची दोरी. म्हणाले, "असे वीस करून द्या, मी एका दिवसात विकून देतो. पैसे तुमच्या देशातल्या पोरांना पाठवा." आम्हाला ती पट्टी कशासाठी हेसुद्धा माहीत नव्हतं. तेव्हा त्यांनी आपली बंदूक बाहेर आणली, आणि आमच्यातल्या सावंतवाडीकडच्या दंतवैद्याच्या तोंडून एकदम निघालं, "अरे, ही तर आमच्याकडची ठासणीची बंदूक!"

मंडळी, हा शब्द आपल्यापैकी कोकणातल्यांनी तरी ऐकलेला असतो. नळीच्या तोंडातून दारू घालायची, वरून गोळी, आणि गजाने ठासायचं, म्हणून ठासणीची. सिंधुदुर्गात रानडुकरं आणि माकडं शेताची नासाडी करतात म्हणून शेती संरक्षणाच्या परवान्यावर अशा बंदुका अजून आहेत. निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा करायच्या, हा तिथला नेहमीचा कार्यक्रम. भारताच्या 1959 च्या शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेखच आहे. बंदुका आपण मागे सोडून आलो, पण भाषेत त्या आपल्याबरोबर आल्या आहेत. आपण सहज म्हणतो, ठासून भरलंय. आपण म्हणतो, त्याचा बार फुसका निघाला. इथली माणसं त्यालाच 'फ्लॅश इन द पॅन' म्हणतात: बाहेरची दारू भुर्रकन पेटली, आतली पेटलीच नाही. आणि तंबाखूचा बार भरणारे आजोबा तर प्रत्येकाच्या आजोळी होतेच. तोही बारच! चिमटीने भरायचा आणि बोटाने दाबायचा.

इथे या बंदुकीची गोष्ट जरा वेगळी आहे. अठराव्या शतकात जर्मनी आणि स्वित्झर्लंडकडून आलेले कारागीर लँकेस्टर परगण्यात आणि आपल्या या लीहाय खोऱ्याच्या आसपास स्थायिक झाले. त्यांनी आपल्या देशाकडच्या आखूड, जाड नळीच्या रायफलीवरून लांब, सडपातळ नळीची, लहान गोळीची बंदूक घडवली. शिसं आणि दारू दोन्ही महाग, म्हणून गोळी लहान. दस्ता इथल्या मेपलचा, लाटालाटांच्या नक्षीचा. पुढे तिला 'केंटकी रायफल' म्हणून नाव मिळालं, पण जन्म पेनसिल्व्हेनियाचा. नाझरेथजवळच्या बोल्टनला हेन्री घराण्याचा बंदुकीचा कारखाना होता. तिथे आज त्या बंदुकांचं छोटं संग्रहालय आहे. आपण सगळे नाझरेथला जातो ते मार्टिन गिटारचा कारखाना बघायला. पुढच्या खेपेला दोन मैल पुढे जा.

आणि हे सगळं काचेच्या कपाटात गेलेलं नाही, ही आमच्यासाठी मोठी नवलाची गोष्ट होती. 1974 पासून पेनसिल्व्हेनियात हरणाच्या शिकारीचा एक वेगळा मोसम आहे, नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होणारा, फक्त चकमकीच्या बंदुकीसाठी. कॅप नाही, काडतूस नाही. गारगोटी पोलादावर घासून ठिणगी पडली तर बार. पाऊस आला तर राम म्हणा. शिवाय नुसतं निशाण मारणाऱ्यांचे मेळावे असतात, जुन्या वेषात तंबू ठोकून राहणाऱ्यांचे असतात. इंडियानातल्या फ्रेंडशिप नावाच्या गावात त्यांच्या राष्ट्रीय संघटनेचं मैदान आहे. ती संघटना 1933 ची. म्हणजे या लोकांना सामान लागतं, आणि त्यांना ते प्लॅस्टिकचं नको असतं.

आता सामान काय ते सांगतो, म्हणजे बाहेरच्या टेबलाचा उलगडा होईल.

पहिली ती भोकांची पट्टी, लोडिंग ब्लॉक. या बंदुकीत गोळी नुसती टाकत नाहीत. पन्नास कॅलिबरची म्हणजे अर्धा इंच तोंडाची नळी असेल तर गोळी असते त्याहून किंचित लहान, इंचाचे 490 सहस्रांश. तिच्याभोवती तेल लावलेल्या सुती कापडाचा तुकडा, गादीच्या खोळीचं कापड असतं ना तसलं, घट्ट विणीचं. हे कापड नळीच्या आतले पिळाचे खाचे पकडतं आणि गोळीला गिरकी देतं. थंडीत बोटं गारठलेली असताना कापड, गोळी, तेल असा खटाटोप कोण करणार? म्हणून घरीच गोळ्या कापडासकट पट्टीच्या भोकांत बसवून ठेवायच्या आणि पट्टी गळ्यात अडकवायची. पट्टी नळीच्या तोंडावर धरली आणि दाबली की गोळी आत.

दिसायला सोपं, पण भोक थोडं सैल झालं तर गोळी चालता चालता पडते आणि थोडं घट्ट झालं तर निघत नाही. अर्ध्या इंचाची फळी, साधारण अर्ध्या इंचाचं भोक, आणि शेवटचा केसभर फरक पॉलिश पेपर गुंडाळलेल्या काडीने. खाली दुसरी फळी घट्ट धरल्याशिवाय गिरमिट चालवलं की मागच्या बाजूला ढलपी निघते. पहिल्या वीसांपैकी नऊ अशीच गेली. त्या नऊंच्या किल्ल्या अडकवायच्या पट्ट्या झाल्या. आपल्यापैकी काहींच्या दारामागे त्या लटकत असतील. गणपतीत भेट म्हणून मिळाल्या होत्या ना, त्याच!

दुसरं ते भोवऱ्यासारखं दिसतं ते. शॉर्ट स्टार्टर. घट्ट गोळी नळीच्या तोंडाशी अडते. तिला पहिला धक्का द्यायला मुठीत मावेल असा लाकडी गोळा, त्याला एका बाजूला पाव इंचाचं बोटूक आणि दुसऱ्या बाजूला चारपाच इंचांची काडी. आधी बोटकाने गोळी तोंडाच्या आत, मग काडीने आणखी खाली, आणि मग लांब गज. गोळा आम्ही आमच्या अक्रोडाचा करतो, लेथवर. काडी कठीण लाकडाची, आत खोल बसवलेली आणि आडवी खुंटी मारलेली.

तिसरं माप. इथे आमच्या केमिस्ट्रीच्या ताईंचं राज्य. काळी दारू ग्रेनमध्ये मोजतात. ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा दाणा, आपल्याकडे सोनाराची गुंज होती तसंच. सात हजार ग्रेनचा एक पौंड. सत्तर ग्रेनचा बार म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम. अर्ध्या इंचाचं भोक साधारण एक पूर्णांक चार दशांश इंच खोल पाडलं की तेवढी दारू मावते. पण गिरमिटाचं टोक निमुळतं, त्यामुळे हिशोबावर विसंबायचं नाही. प्रत्येक माप पितळेच्या प्रमाणित मापाशी ताडून बघायचं आणि मगच त्यावर आकडा कोरायचा. ताईंचा नियम असा की आधी थोडं कमी खोल पाडा. कमी असलेलं वाढवता येतं, जास्त झालेलं लाकूड परत भरता येत नाही. आणि माप लागतंच. शिंगातून थेट नळीत दारू कधीही ओतायची नाही. आधीच्या बाराचा एखादा निखारा आत धुमसत असेल तर मापातली चिमूटभर दारू पेटेल तेव्हा हात भाजेल. शिंगच्या शिंग पेटलं तर हात राहणार नाही.

शिंगावरून आठवलं. दारूच्या शिंगाचं बूड आम्ही करतो, आणि तोंडाची खुंटी. शिंग गोल नसतं. गरम पाण्यात मऊ करून त्यात निमुळता लाकडी साचा दाबून गोल करायचं, मग लाकडी बूड बसवून बाजूने बारीक लाकडी टाचे मारायचे. तोंडाची खुंटी मात्र खरी परीक्षा. ती दातांनी ओढता आली पाहिजे, कारण दोन्ही हात गुंतलेले असतात, आणि आपोआप निसटताही कामा नये. आमच्यातल्या एकाने लहानपणी मिरजेत तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत खुंट्या बसवताना पाहिलं होतं. तो म्हणाला, निमुळतेपणा जुळला की खडू लावून फिरवून बघा. खडू जिथे घासला जातो तिथे लाकूड लागतंय. त्या दिवसापासून आमच्या खुंट्या बसायला लागल्या.

आणि शेवटचा, सगळ्यात साधा दिसणारा आणि सगळ्यात धोक्याचा: गज. त्याच्यासाठीच खरं तर आज इथे उभे आहोत.

गज म्हणजे नळीपेक्षा थोडी लांब काठी, पन्नासच्या बंदुकीला तीन अष्टमांश इंच जाडीची. बेचाळीस इंचांची नळी असेल तर चव्वेचाळीस इंच धरा. एका टोकाला पितळेची टोपी, आरपार पिन मारलेली. काम एवढंच की गोळी खाली दारूवर टेकवायची. पण टेकलीच पाहिजे. दारू आणि गोळी यांच्यामध्ये पोकळी राहिली तर नळी फुगू शकते, फाटूही शकते. म्हणून गजावर दोन खुणा करायच्या: एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या बाराची. खूण नळीच्या तोंडाशी आली म्हणजे गोळी जागेवर बसली. ही काठी हिकरीची लागते. चिवट, लवचीक. आपल्याकडे धामणीचं लाकूड ठाऊक असेल ना, कुऱ्हाडीच्या दांड्याला, कावडीला वापरतात ते? तसलंच इथे हिकरी.

2017 च्या शरदातली गोष्ट. तोपर्यंत तीन वर्षं आमचं सामान विकलं जात होतं, पैसे मंडळाच्या खात्यातून सातारा जिल्ह्यातल्या कर्णबधिर मुलांच्या एका निवासी शाळेला जात होते, तिथल्या सुतारकामाच्या वर्गासाठी. मेळावा दोन आठवड्यांवर आला आणि हिकरी संपली. मागणी होती गजांची. आम्ही काय केलं? एका मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो आणि तयार गोल काठ्या आणल्या. पट्टीवर 'हार्डवुड' लिहिलेलं होतं, आम्ही तेवढ्यावर समाधान मानलं. त्यांना रंग दिला, तेल लावलं, पितळी टोप्या बसवल्या. दिसायला आमच्या नेहमीच्या गजांपेक्षा सुबक! चौदा विकल्या. घरी येताना गाडीत आम्ही गाणी म्हणत होतो.

तीन आठवड्यांनी एक गृहस्थ आजोबांच्या घरी आले. रुमालात गुंडाळलेले गजाचे दोन तुकडे टेबलावर ठेवले. त्यांचा उजवा हात बांधलेला होता. गोळी ठासताना काठी मध्येच मोडली होती, आणि सरळ नाही, तिरकी; मोडलेलं टोक भाल्यासारखं अणकुचीदार झालं आणि खाली जाणारा हात त्याच्यावर गेला. अंगठा आणि बोट यांच्या मधून टाके पडले. ते रागावले नव्हते. एवढंच म्हणाले, "तुम्ही आणखी किती जणांना दिलेत?" आम्हाला त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आजोबांनी तुकडा उजेडात धरला आणि दाखवलं. लाकडाचे तंतू काठीच्या टोकापासून टोकापर्यंत जायला हवेत. करवतीने कापलेल्या गोल काठीत ते तिरके जातात आणि मध्येच बाजूने बाहेर पडतात. जिथे बाहेर पडतात तिथे काठी मोडते. बाहेरून रंग दिला की हे दिसत नाही. म्हणजे आम्ही नुसती चूक केली नव्हती. चूक दिसू नये अशी सोय करून ठेवली होती.

इथे थोडं मागे जातो. हा उपक्रम सुरू झाला तेव्हा मंडळाच्या सभेत आपल्याच एका वहिनींनी हरकत घेतली होती. त्या म्हणाल्या, "माझ्या मुलीच्या शाळेत दर महिन्याला लॉकडाउनचं ड्रिल होतं. ती टेबलाखाली बसायला शिकते. आणि आपण बंदुकीचं सामान विकून चॅरिटी करायची?" आम्ही तेव्हा बरंच बोललो. अठराव्या शतकाची बंदूक, एक बार भरायला मिनिट लागतं, इतिहास आहे, कला आहे. सगळं खरं आहे. पण त्यांच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर पूर्ण उत्तर आमच्याजवळ आजही नाही. त्या सभेत एवढं ठरलं: मंडळाच्या कोणत्याही कार्यक्रमात बंदूक किंवा दारू येणार नाही, सामान फक्त त्या मेळाव्यांतून विकायचं, आणि या पैशांचा हिशोब वेगळा ठेवायचा, म्हणजे ज्यांना हे पटत नाही त्यांची देणगी यात मिसळणार नाही. ते तिन्ही नियम आजही आहेत. बाहेरच्या टेबलावरचं सामानही नुसतं बघायला ठेवलं आहे.

तर गज मोडल्यावर पुन्हा सभा झाली. चौदापैकी एक मोडला, तेरा बाहेर होते. कोणी म्हणालं, पैसे शाळेला पाठवून झालेत, आता परत कुठून द्यायचे? कोणी म्हणालं, यापुढे 'आपल्या जबाबदारीवर वापरा' अशी चिठ्ठी लावू. वकिली सल्ला घ्यावा असंही निघालं. त्या वहिनी शेवटी उठल्या. आम्हाला वाटलं, आता म्हणतील, सांगितलं नव्हतं का! पण त्या म्हणाल्या, "तेरा माणसांच्या हातात ती काठी आहे हे माहीत असून आपण दिवाळीचा फराळ कसा करणार? आधी त्या परत आणा. शाळेचं नंतर बघू."

मग आम्ही फोन लावायला बसलो. नऊजणांचे नंबर आमच्या वहीत होते. चारांचे नव्हते; त्यांच्यासाठी आजोबांनी त्यांच्या क्लबात जाहीर सांगितलं आणि पुढच्या दोन मेळाव्यांत आम्ही टेबलावर तो मोडका गजच मांडून ठेवला, शेजारी पाटी: 'हा आमचा आहे. तुमच्याकडे याचा भाऊ असेल तर पैसे परत घ्या.' तेरापैकी बारा परत आले. एक अजून आला नाही. त्या एकाची आठवण दर मोसमाला, सव्वीस डिसेंबरला येते. पैसे आम्ही पाचांनी आपापल्या खिशातून दिले आणि त्या वर्षी शाळेला या खात्यातून नवीन काहीच गेलं नाही. शाळेतल्या सरांना कारण कळवलं. त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं: यंदा भागवून घेऊ, आणि मोडक्या गजाचा फोटो पाठवा, मुलांना दाखवायचा आहे.

पुढच्या वसंतात आजोबांनी आम्हाला काठी करायला शिकवलं, खऱ्या अर्थाने. करवत बाजूला ठेवायची. हिकरीचा सरळ, बिनगाठीचा ओंडका घ्यायचा आणि पाचर मारून फोडायचा. फोडलेलं लाकूड तंतूंच्या वाटेनेच फुटतं; ते खोटं बोलू शकत नाही. वाट वाकडी असेल तर काठी वाकडी निघते आणि तिथेच कळतं. मग दोन मुठींच्या सुऱ्याने चौकोनी, चौकोनाची अष्टकोनी, अष्टकोनाची गोल. शेवटी पोलादी पट्टीच्या भोकांतून ठोकून पार करायची, मोठ्या भोकातून लहान भोकात, सोनार तार ओढतो तशी. किंचित वाक राहिला तर गरम करून सरळ करायची. एका ओंडक्यातून वीस काठ्या निघतील असं वाटतं आणि सहा निघतात. उरलेल्या चौदा शेकोटीला.

निघालेल्या प्रत्येक काठीला धनुष्यासारखी वाकवून बघतो, फिरवून चारी बाजूंनी. आणि दर ओंडक्यातली एक चांगली काठी मुद्दाम मोडतो. हे बघून नवीन येणारे हळहळतात. पण मोडल्यावर लांब लांब रेषे निघाले, केरसुणीसारखे, तर त्या ओंडक्याचा गज द्यायचा. मुळ्यासारखी कटकन मोडली तर सगळा ओंडका बाद. रंग देणं आम्ही बंद केलं, फक्त तेल. प्रत्येक गजावर बारीक नंबर असतो आणि वहीत त्यापुढे घेणाऱ्याचा फोन. देताना दोन वाक्यं सांगतो: काठी नळीच्या तोंडापासून वीतभरच वर धरा आणि थोडं थोडं दाबा, एकदम वरून जोर लावू नका, आणि तोंड, हात, डोकं नळीच्या समोर कधीही आणू नका.

तेलावरून एक घरगुती सूचना, ही सगळ्यांसाठी. आम्ही जवसाचं तेल लावतो. ते पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात, काडी न लावता. ताई याला ऑक्सिडेशन म्हणतात. आम्ही एकदा बादलीतून धूर येताना पाहिला तेव्हापासून नुसतं 'हो ताई' म्हणतो. फडकी उघड्यावर पसरून वाळवायची, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात.

आता शाळेचं. 2019 मध्ये आमच्यातले दोघं तिथे जाऊन आले. मुलांना ऐकू येत नाही, त्यामुळे लेथचा आवाज बदलला की आपण जसं थांबतो तसं त्यांना थांबता येत नाही. पण ती मुलं रंध्यावर तळहात ठेवून लाकडाची थरथर ओळखतात. एका मुलाने आम्ही नेलेली हिकरीची पट्टी घेतली, नखाने तंतू तपासले, उलटी केली, पुन्हा तपासले आणि खुणेने विचारलं, कुठल्या झाडाची? आम्हाला जे टाके पडल्यावर कळलं ते त्याला बोटांनी कळत होतं. भिंतीवर तो मोडक्या गजाचा फोटो लावलेला होता. सरांनी खाली काहीही लिहिलेलं नव्हतं. मुलं पाट, पोळपाट, लाटणी आणि शाळांची बाकं करतात, आसपासच्या गावांत विकतात. एका मुलाला शिकून बाहेर पडताना द्यायचा हत्यारांचा संच म्हणजे एक रंधा, दोन करवती, चार पटाश्या, गिरमिट, कानस, हातोडी आणि गुण्या. तो संच हातात असेल तर तो दुसऱ्याच्या दारात मजूर म्हणून नाही, सुतार म्हणून उभा राहतो.

आजचा निधी त्या संचांसाठी आहे. दाराशी दोन पेट्या आहेत. एकीत फक्त तुमची देणगी जाईल. दुसरीत आमच्या गराजचे पैसे आहेत. वहिनींच्या आग्रहाने त्या आजही वेगळ्या आहेत, आणि दोन्हींचा हिशोब पुढच्या सभेत त्याच मांडतील, कारण गेली काही वर्षं आमच्या खात्याच्या तपासनीस त्याच आहेत. त्यांना बंदूक अजूनही पसंत नाही. त्या दर ओंडक्यातली मोडायची काठी मात्र स्वतः निवडतात, आणि नेमकी आमची सगळ्यात आवडती निवडतात.

ज्यांना पैशांपेक्षा हात द्यायचे आहेत त्यांच्यासाठी: दर शनिवारी सकाळी नऊला आम्ही गराजमध्ये असतो. चहा आमचा, हातमोजे तुमचे. अनुभव लागत नाही. पाचर धरायला आणि 'ही नको, वाकडी आहे' असं स्पष्ट सांगायला माणसं हवी आहेत.

एवढं बोलून थांबतो. भजी अजून गरम असावीत.